हौसेला मोल नसतं, पण कर असतो का?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या काकू गणपतीत शेजाऱ्यांना एकवीस मोदक करून देतात आणि नारळ-गुळाचे पैसे तेवढे घेतात. पुढच्या वर्षी त्याच काकू सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर टाकतात, आगाऊ पैसे यूपीआयवर मागवतात, जांभळी नाक्यावरून घाऊक नारळ आणतात, हाताखाली दोघींना ठेवतात. मोदक तेच, हातही तेच. पण पहिल्या वर्षी जी हौस होती, तिचा दुसऱ्या वर्षी धंदा झाला. मधली रेघ नेमकी कुठे पडते, यावर करही ठरतो, विवरणपत्राचा फॉर्मही ठरतो आणि पुढच्या काही वर्षांची डोकेदुखीही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘छंद आहे, म्हणून कर नाही’ असं आपल्या आयकर कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. छंदाची व्याख्याच कायद्यात नाही. व्याख्या आहे ती धंद्याची, कलम २(१३) मध्ये, आणि ती मुद्दाम सैल ठेवलेली आहे: व्यापार, वाणिज्य, उत्पादन, शिवाय व्यापाराच्या स्वरूपाचं कुठलंही साहस किंवा उद्योग. यात जे बसत नाही ते उत्पन्न सुटत नाही, ते ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ या शीर्षकाखाली जातं. थोडक्यात, पैसे मिळाले आणि खर्च जाऊन काही उरलं, की कर दोन्हीकडे आहे. त्यामुळे ‘कर लागेल का’ यापेक्षा ‘कुठल्या शीर्षकाखाली लागेल’ हा प्रश्न जास्त कामाचा.

क्रमांकांबद्दल एवढंच, की १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि १९६१ च्या कायद्यातली कलमं नव्याने मांडली गेली. इथे जुने क्रमांक दिले आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तेच लागू आहेत आणि सीए मंडळींच्या तोंडी अजून तेच बसलेले आहेत. खाली येणारी तत्त्वं नव्या कायद्यातही तीच आहेत.

इंटरनेटवर या विषयावर जे सापडतं त्यातलं बरंचसं अमेरिकेतलं असतं. पाचपैकी तीन वर्षं नफा दाखवला की धंदा मानतात, हा तिथला नियम आहे (घोडे पाळणाऱ्यांना सातपैकी दोन वर्षं पुरतात). ब्रिटनमध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या किरकोळ व्यापारी जमेला सूट आहे. ठाण्यात बसून यातलं काहीही उपयोगाचं नाही. आपल्याकडे इतक्या वर्षांत नफा झालाच पाहिजे असा नियम नाही आणि छंदाच्या कमाईला वेगळी सूटही नाही.

रेघ कशाने पडते

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये नारायण स्वदेशी वीव्हिंग मिल्सच्या खटल्यात धंद्याची खूण सांगितली: खरीखुरी, भरीव आणि ठराविक उद्देशाने, पद्धतशीरपणे चालवलेली कृती. यातला ‘पद्धतशीरपणे’ हा शब्द महत्त्वाचा. हौशी माणूस मनात येईल तेव्हा करतो. धंदेवाईक माणूस मनात नसलं तरी ऑर्डर पोचवतो.

पण हाही नियम पोलादी नाही. एकाच व्यवहाराचासुद्धा धंदा होऊ शकतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जी. वेंकटस्वामी नायडू आणि कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. कोइंबतूरची ही पेढी जनार्दन मिल्सची व्यवस्थापक. गिरणीला लागून असलेले जमिनीचे चार तुकडे पेढीने १९४१-४२ मध्ये साधारण ८,७१३ रुपयांना घेतले आणि १९४७ मध्ये त्याच गिरणीला ५२,६०० रुपयांना विकले. पेढीचं म्हणणं, ही आमची गुंतवणूक. न्यायालयाने पाहिलं, की पाच वर्षांत त्या जमिनीवर शेती नाही, बांधकाम नाही, भाडं नाही. गिरणीला ती आज ना उद्या लागणार हे ठाऊक असल्यामुळेच ती घेतलेली. म्हणजे व्यापाराच्या स्वरूपाचं साहस. याच निकालात न्यायालयाने कशाकडे पाहायचं ते सांगितलं: घेणारा मुळात व्यापारी आहे का, वस्तू कसली आणि किती, विकण्याआधी तिच्यावर काही काम केलं का, असे व्यवहार पुन्हापुन्हा होतात का, आणि घेताना मनात काय होतं. शिवाय हेही बजावलं, की यातली कुठलीही एक कसोटी निर्णायक नाही, सगळ्यांचा एकत्र परिणाम पाहायचा.

जुनी नाणी, फाउंटन पेनं, विंटेज कॅमेरे जमवणाऱ्यांना हा निकाल बरोबर लागू पडतो. वीस वर्षं जमवलेल्या पेनांपैकी पाच विकली तर तो धंदा नव्हे. दर रविवारी चोरबाजारात जाऊन दहा घ्यायची, निब बदलायच्या, पॉलिश करायचं आणि इन्स्टाग्रामवर भाव लावून विकायची, हा धंदा झाला, मग घरचे त्याला काहीही म्हणोत.

नफ्याचा हेतू नसेल तर? इथे बहुतेकांची गफलत होते. त्रावणकोरचे एक निवृत्त सरकारी अधिकारी, पी. कृष्ण मेनन (राजकारणातले ते व्ही. के. नव्हेत), वेदान्त शिकवत. फी नव्हती, हेतूही कमाईचा नव्हता. इंग्लंडहून येणाऱ्या एका शिष्याने त्यांना वेळोवेळी मोठ्या रकमा दिल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शिकवणं हा त्यांचा व्यवसायच आहे, आणि व्यवसाय ठरायला नफ्याचा हेतू लागत नाही. पैसे शिकवण्यामुळे आले, म्हणून ते उत्पन्न. वसंत विहारमध्ये घरी तबला किंवा गाणं शिकवणारे जे गुरुजी ‘मी फी घेत नाही, मुलं गुरुपौर्णिमेला पाकीट देतात’ असं सांगतात, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. फी म्हणा, दक्षिणा म्हणा, शिकवण्याच्या बदल्यात आलेली रक्कम ही जमेचीच.

खेळाच्या बाबतीत प्रत्यक्ष कर मंडळाने १९८६ मध्ये परिपत्रक ४४७ काढून उलट बाजूने हीच रेघ ओढली होती: व्यावसायिक खेळाडूला मिळालेलं बक्षीस करपात्र, हौशी खेळाडूला मिळालेलं नाही, कारण ती वैयक्तिक भेट. त्या जोरावर आज कुणी निर्धास्त राहू नये. आता नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली की ती पूर्ण रक्कम करपात्र धरली जाते.

एका फोटोग्राफरचा हिशेब

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये त्याला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला, आणि ऐरोली-नेरूळच्या काठावर पहाटे लांब भिंगांची रांग लागते. यातला एक काल्पनिक नोकरदार घेऊ. पगार वर्षाला १२,७५,०००. नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात बरोबर १२ लाख, आणि २०२५-२६ च्या दरांनी कलम ८७ए ची सवलत मिळून कर शून्य. याने वर्षभरात फ्रेम केलेले प्रिंट विकून ९०,००० रुपये मिळवले, सगळे बँकेतून किंवा यूपीआयवर.

खर्च असा: प्रिंटिंग आणि फ्रेम ४०,०००, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं १२,०००, प्रवास १८,०००. नोव्हेंबरमध्ये घेतलेला कॅमेरा आणि भिंग ३,००,०००, ते फक्त याच कामाला वापरतो असं धरू. मे महिन्यात घेतलेला लॅपटॉप ८०,०००, अर्धा वापर घरचा.

आता याच आकड्यांचे तीन हिशेब.

पहिला, इतर स्रोत. कलम ५७(iii) खाली उत्पन्न मिळवण्यासाठीच केलेला खर्च वजा होतो, पण भांडवली खर्च होत नाही. घसारा (उपकरणाच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) तिथे मिळतो तो मुख्यतः यंत्रसामग्री भाड्याने देणाऱ्याला. म्हणजे कॅमेरा आणि लॅपटॉप हिशेबातून बाहेर. ९०,००० वजा ७०,०००, उरले २०,०००. एकूण उत्पन्न १२,२०,००० झालं आणि ८७ए ची पूर्ण सवलत गेली. सीमांत सवलत आहे, पण ती इतकंच म्हणते, की १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढ्यापेक्षा कर जास्त नको. कर २०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर ८००. म्हणजे फ्लेमिंगोंनी वर्षभर जे मिळवून दिलं ते सगळं सरकारला, वर पदरचे ८००. बारा लाखांच्या उंबरठ्यावरच्या नोकरदाराला हे गणित आधी कुणी सांगत नाही.

दुसरा, धंदा, पण अनुमानित योजनेत, कलम ४४एडी. उलाढालीच्या ८ टक्के नफा धरायचा, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. ९०,००० चे ६ टक्के म्हणजे ५,४००. कर ५,४०० आणि उपकर २१६. वह्या नकोत, बिलं दाखवायला नकोत. अर्थात प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्त दाखवणं अपेक्षित आहे. ६ टक्के हा किमान आकडा आहे, बक्षीस नव्हे.

तिसरा, धंदा, आणि रीतसर हिशेब. इथे घसारा मिळतो. कॅमेऱ्यावर १५ टक्के, पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्याने निम्मा, म्हणजे २२,५००. लॅपटॉपवर ४० टक्के म्हणजे ३२,०००, त्यातला कामाचा अर्धा वाटा १६,०००. वरच्या ७०,००० मध्ये हे ३८,५०० मिळवले की खर्च १,०८,५००, तोटा १८,५००. धंद्याचं उत्पन्न शून्य, एकूण उत्पन्न पुन्हा १२ लाख, कर शून्य.

पहिल्या आणि तिसऱ्या हिशेबात फरक आहे तो फक्त घसाऱ्याचा. महाग उपकरण लागणाऱ्या छंदांत (फोटोग्राफी, सुतारकाम, सिरॅमिक्स, संगीत ध्वनिमुद्रण) शीर्षकाला एवढं महत्त्व येतं ते यामुळेच. विणकाम किंवा रांगोळीवर्गात तितकं येत नाही.

तोट्याचं खरं काय होतं

अमेरिकेत छंदाला धंदा म्हणण्याचा मोह होतो, कारण तिथे धंद्याचा तोटा पगारातून वजा करता येतो. आपल्याकडे कलम ७१(२ए) ने तो रस्ता बंद आहे: धंद्याचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. पेन्शन हीसुद्धा करासाठी पगारच. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या नोकरदाराने छंदाचा तोटा फुगवून दाखवला, तरी त्या वर्षी त्याच्या पगारावरचा एक रुपयाही कर वाचत नाही. वरच्या उदाहरणात वाचला तो प्रिंटच्या उत्पन्नावरचा कर, पगारावरचा नव्हे.

तोटा वजा होतो तो घरभाड्यातून, एफडीच्या व्याजातून आणि दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून. म्हणून आयकर अधिकाऱ्याची नजर तरुण हौशी लोकांपेक्षा निवृत्त, व्याजावर जगणाऱ्या माणसाकडे जास्त वळते. सहा लाख एफडीचं व्याज, आणि त्याच वर्षी गॅरेजमध्ये चार लाखांची लाकूडकामाची यंत्रं, विक्री बारा हजारांची, तोटा लाखभराचा. असं विवरणपत्र आलं की ‘हा धंदा कसा’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर नसेल तर कलम ३७(१) पुढे येतं: वैयक्तिक खर्च आणि धंद्यासाठीच पूर्णपणे न केलेला खर्च नामंजूर.

काही चलाख लोक उलटी वाट शोधतात. इतर स्रोतांखालचा तोटा पगारातून वजा करायला ७१(२ए) ची आडकाठी नाही, मग छंद तिथेच दाखवू! यात दोन अडचणी आहेत. एक, घसारा नाही, म्हणजे मोठा खर्च मुळातच बाहेर. दुसरी, खर्च उत्पन्न मिळवण्यासाठीच केला हे सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका निकालात म्हटलं आहे, की खर्च केल्यावर प्रत्यक्ष उत्पन्न आलंच पाहिजे अशी कलम ५७(iii) ची अट नाही. पण त्या प्रकरणात शेअर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज होतं, हेतूबद्दल शंका नव्हती. भरतपूरची सहल आणि पाच प्रिंट यांना तो निकाल तारणार नाही. शिवाय इतर स्रोतांचा तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही.

धंद्याचा तोटा मात्र आठ वर्षं पुढे नेता येतो. अट कडक आहे: विवरणपत्र मूळ मुदतीत भरलेलं हवं. एक दिवस उशीर झाला की तोटा गेला. घसाऱ्याचा न वापरलेला भाग याला अपवाद आहे, तो आठ वर्षांत अडकत नाही. फोटोग्राफरच्या उदाहरणातले १८,५०० असेच आहेत, कारण घसारा धरण्याआधी त्याला २०,००० नफाच होता.

जाता जाता: कायद्याने नाव घेऊन वेगळा बांधून ठेवलेला एक शौक आहे, शर्यतीचे घोडे पाळण्याचा. त्याचा तोटा फक्त त्याच उत्पन्नातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे जातो. लॉटरी आणि शब्दकोड्यांच्या बक्षिसांवर तर सरसकट ३० टक्के, खर्च काहीही वजा नाही. आणि ‘मी फ्युचर्स-ऑप्शन्स गंमत म्हणून करतो’ हे वाक्य आयकरात चालत नाही. तो व्यवहार धंदाच धरला जातो, उलाढाल कितीही छोटी असो.

धंदा म्हटलं की मागे काय काय येतं

फॉर्म बदलतो. पगार आणि इतर स्रोत असणाऱ्याला आयटीआर-१ पुरतो. धंद्याला आयटीआर-३ लागतो, अनुमानित योजनेत आयटीआर-४. इथे सर्वाधिक चुका होतात त्या टीडीएसमुळे, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेल्या करामुळे. वाशीच्या एखाद्या कंपनीने भिंतीवरच्या चित्राचे ६०,००० दिले आणि कलम १९४जे खाली कर कापला, की तुमच्या २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरणात ती व्यावसायिक फी म्हणून दिसते. तुम्ही छंद म्हणून आयटीआर-१ भरला, की आकडा जुळत नाही आणि सदोष विवरणपत्राची नोटीस येते. ती दुरुस्त करायला १५ दिवस मिळतात. म्हणून फॉर्म निवडण्याआधी २६एएस उघडून कुठल्या कलमाखाली कापलं आहे ते बघा. पैसे देणाऱ्याने चुकीचं कलम टाकलं असेल तर तेव्हाच त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही.

जुनी करपद्धत वापरणाऱ्यांनी इथे नीट थांबून विचार करावा. नुसता पगार असणारा माणूस दरवर्षी जुनी-नवी निवडू शकतो. धंद्याचं उत्पन्न दाखवलं की ही मोकळीक जाते. जुन्या पद्धतीत राहायला मुदतीआधी १०-आयईए फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा नव्या पद्धतीत परत आलात की धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत जुनीचं दार बंद. आकाशकंदील विकून झालेल्या दहा हजारांपायी गृहकर्ज आणि ८०सी ची (बचतीवरच्या वजावटीची) सगळी मांडणी अडकवून घेण्याआधी हे गणित करून पाहा.

अनुमानित योजनेतही खाच आहे. एकदा ४४एडी मध्ये आलात आणि पुढच्या पाच वर्षांत कधी ६ किंवा ८ टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षं योजना बंद. त्या काळात एकूण उत्पन्न (पगार धरून) करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण सक्तीचं. पाच हजारांच्या नफ्यासाठी सीएची ऑडिट फी त्याच्या कितीतरी पट. म्हणून तीन लाखांचा कॅमेरा घेतला असेल तर पहिल्याच वर्षी ४४एडी मध्ये उडी मारू नये. आधी वह्या ठेवून तोटा दाखवावा, घसारा उतरला की मग योजनेचा विचार करावा. कमिशन, दलाली, एजन्सी यांना ४४एडी नाही. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अंतर्गत सजावट वगैरे ठराविक व्यवसायांना वेगळी ४४एडीए आहे, तिथे ५० टक्के नफा धरतात.

आगाऊ कराकडेही लक्ष हवं. टीडीएस जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च असे चार हप्ते. अनुमानित योजनेत १५ मार्चला एकदाच. दिवाळी फराळवाल्यांची कमाई ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, त्यांनी डिसेंबरचा हप्ता चुकवू नये.

जीएसटीचं जग निराळं. तिथली धंद्याची व्याख्या आयकरापेक्षाही रुंद आहे: पैशाचा लाभ असो-नसो, प्रमाण, वारंवारता, नियमितपणा असो-नसो, तो धंदाच. छोट्यांना वाचवते ती फक्त मर्यादा: महाराष्ट्रात सेवांना २० लाख, फक्त वस्तू विकणाऱ्यांना ४० लाख. पण ही उलाढाल एका पॅनवरची सगळी मिळून मोजतात. सीवूड्समधला दुकानाचा गाळा वर्षाला १६ लाख भाड्याने दिलेला असेल आणि चित्रकलेच्या वर्गाचे ५ लाख आले, तर मर्यादा ओलांडली. वर्ग छोटा, पण नोंदणी लागली.

सरकारी, महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असणाऱ्यांना आणखी एक दार बघावं लागतं. सेवा-वर्तणूक नियमांत पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा चालत नाही. अधूनमधून केलेल्या साहित्यिक किंवा कलात्मक कामाकडे नियम नरमाईने पाहतात. दिवाळी अंकातल्या दोन लेखांचं मानधन इतर स्रोतांत दाखवणं इथे कराच्या दृष्टीनेही बरोबर आणि नोकरीच्या दृष्टीनेही. तेच मानधन आयटीआर-३ मध्ये धंदा म्हणून दाखवलं, तर स्वतःच्या हाताने पुरावा लिहून दिल्यासारखं होतं.

कागद कसे ठेवायचे

गुमास्ता (दुकान परवाना) काढला, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी केली, म्हणजे धंदा सिद्ध झाला, असं समजू नका. ते एका मिनिटात निघणारे कागद आहेत आणि अधिकाऱ्यालाही ते माहीत आहे. त्याला पटतं ते रोजचं, कंटाळवाणं. ऑर्डरची वही (तारीख, नाव, काय, किती, आगाऊ किती). वेगळं बँक खातं, चालू खातंच हवं असं नाही, वेगळं बचत खातंही चालतं. दर ठरवताना केलेला हिशेब, कारण खर्चापेक्षा कमी दराने वर्षानुवर्षं विकणारा माणूस हौशीच वाटतो. न खपलेल्या मालाची ३१ मार्चची यादी. प्रवासाच्या नोंदीत कुठल्या ऑर्डरसाठी गेलो ते. आणि तोटा होत असेल तर तो कमी करायला काय बदललं: दर वाढवले, माल बदलला, गावदेवी मैदानातल्या स्टॉलऐवजी घरून विक्री केली. चार वर्षं तोटा, आणि बदल काहीच नाही, हे चित्र सगळ्यात वाईट दिसतं.

एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली की तो खर्च धंद्यात धरत नाहीत. मैदा-तुपाच्या घाऊक खरेदीत हे हमखास होतं. दुकानदार रोखीवर दोन टक्के सोडतो, आणि इथे सगळा खर्च जातो.

क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा आणि मोदक बायकोचे, हा प्रकार घरोघरी आहे. पैसे ज्याच्या खात्यात, त्याला आधी विचारणा होते. जी राबते तिच्याच नावाचा कोड लावा. भांडवल नवऱ्याने बक्षीस म्हणून दिलं असेल, तर त्या प्रमाणातला नफा त्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. म्हणून उसने द्या, चेकने द्या, दोन ओळींची चिठ्ठी करा, आणि परतफेडही खात्यातूनच होऊ द्या.

धंदा सुरू होण्याआधीचा खर्च हा नेहमीचा वादाचा विषय. मुंबई उच्च न्यायालयाने १९५४ मध्येच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या खटल्यात फरक केला होता: धंदा उभा राहणं वेगळं आणि प्रत्यक्ष सुरू होणं वेगळं. उभा राहिल्यापासूनचा खर्च धरला जातो, पहिली विक्री नंतर झाली तरी. फोटोग्राफरच्या बाबतीत उपकरणं आली, दरपत्रक तयार झालं, ऑर्डर घ्यायची तयारी झाली, तो दिवस. त्या दिवसाचा पुरावा म्हणून एखादा ईमेल, वेबसाइटचं बिल किंवा प्रदर्शनात टेबल घेतल्याची पावती असली की काम होतं.

उलट, छंदाची वस्तू नुसती विकायची असेल तर धंद्याच्या वाटेला जाऊच नका. स्वतः वापरलेला कॅमेरा, सायकल, गिटार या वैयक्तिक वापराच्या वस्तू. त्या विकून चार पैसे जास्त आले तरी भांडवली नफा नाही. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुरातन वस्तूंचे संग्रह यांना ही सूट नाही. आणि ज्या कॅमेऱ्यावर एकदा घसारा घेतला, तो वैयक्तिक राहत नाही. विकल्यावर आलेली रक्कम घसाऱ्याच्या गटातून (एकाच दराने घसारा मिळणाऱ्या वस्तूंच्या एकत्र किमतीतून) वजा होते, गटात काही उरलं नाही तर जास्तीची रक्कम अल्पमुदतीचा नफा ठरते.

धंदा जमला नाही, बंद केला, तर पुढे नेलेला तोटा वाया जात नाही. पूर्वी तोच धंदा चालू असण्याची अट होती, ती १९९९ च्या वित्त कायद्याने काढली. कंदिलांच्या धंद्यातला तोटा तीन वर्षांनी सुरू केलेल्या शिकवणीच्या नफ्यातून वजा होतो, फक्त मधल्या प्रत्येक वर्षाच्या विवरणपत्रात तो पुढे नेल्याचा आकडा भरत राहा.